परत न दिलेली पाळी

खेळ सोंगट्यांचा असो, बुद्धिबळाचा असो वा पत्त्यांचा असो, त्याच्या घटनेतील पहिले कलम बहुधा एकच असते: आपली पाळी संपली की ती समोरच्याच्या स्वाधीन करावी आणि त्याची संपेपर्यंत स्वस्थ बसावे. १९९३ साली अमेरिकेत जन्मास आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात मात्र कालांतराने असा एक पंथ निर्माण झाला, की ज्याचा अनुयायी या कलमाच्या अक्षराला तिळमात्र धक्का न लावता त्याचा अंमल बेमुदत तहकूब करतो, दोन-तीन पाळ्या तो जवळजवळ काहीच न करता घालवतो, हातातली पाने खालीवर करीत राहतो, आणि मग एकाच पाळीत, पहिल्याच्या आधारावर दुसरा आणि दुसऱ्याच्या आधारावर तिसरा, असे दहा, पंधरा, वीस मंत्र टाकून प्रतिपक्ष्याचे सारे आयुष्य संपवून मोकळा होतो. या पंथाला खेळाडूंच्या बोलीत ‘स्टॉर्म’ म्हणतात. हा खेळच नव्हे, हे एकट्याने मांडलेले गणित आहे, असे त्याच्याविषयी एक मत आहे. या खेळात बुद्धीची याहून मोठी कसोटी नाही, असे दुसरे. मी दुसऱ्या मताचा आहे. परंतु माझ्या पक्षातले पुष्कळ लोक ज्या गणिताची वाखाणणी करतात ते गणित मला या पंथातील सर्वांत सोपी गोष्ट वाटते, आणि त्याची खरी थोरवी अन्यत्र आहे असे मी मानतो. ती कोठे आहे हे सांगण्यापूर्वी ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची थोडी कैफियत मांडणे आवश्यक आहे.

खेळाचे कर्ते रिचर्ड गारफिल्ड हे गणिती. बालपणीची काही वर्षे बांगलादेश आणि नेपाळ येथे काढलेल्या या गृहस्थांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संयोजनगणित, म्हणजे दिलेल्या वस्तूंच्या किती प्रकारे जुळण्या होतात याचे शास्त्र, हा विषय घेऊन डॉक्टरेट मिळवली. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या सिअ‍ॅटलजवळच्या लहानशा कंपनीचे पीटर अ‍ॅडकिसन यांच्याकडे ते एक निराळाच पटावरचा खेळ घेऊन गेले होते; अ‍ॅडकिसन यांना मात्र थोडक्या सामानात, थोडक्या वेळात, कोठेही मांडता येईल असे काही हवे होते, आणि त्या मागणीतून हा पत्त्यांचा खेळ सिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीत २९५ निरनिराळी पाने होती. यात सर्वांसाठी एकच ठराविक जोड नसतो. प्रत्येक खेळाडू आपल्या संग्रहातून निवडून किमान ६० पानांचा स्वतःचा जोड बांधतो, त्यात साध्या भूमीची पाने सोडल्यास एकाच नावाची चारांहून अधिक पाने घेण्याची मुभा नसते, आणि पाने पिसून सात पानांचा हात उचलतो. दोघांचेही आयुष्य २० पासून सुरू होते; ज्याचे शून्यावर येते तो हरतो. काही पाने भूमीची असतात. प्रत्येक पाळीत एक भूमी मांडता येते, प्रत्येक भूमी दर पाळीला एक ‘माना’ देते, आणि हा माना खर्च करून बाकीची पाने, म्हणजे मंत्र, टाकायचे असतात. न वापरलेला माना पाळीतील तो टप्पा संपताच लयास जातो, त्याची शिल्लक पुढे ओढता येत नाही. एवढ्या कायद्यावरून दिसून येईल की या खेळातील सामान्य प्रपंच हा पायरीपायरीने वाढणारा आहे: पहिल्या पाळीला एक माना, दुसरीला दोन, तिसरीला तीन, आणि त्या मानाने अंगणात उतरणारी लहानमोठी सैन्ये.

परंतु त्या पहिल्या आवृत्तीतच, आणि तेही सर्वांना सहज मिळणाऱ्या सामान्य पानांत, ‘डार्क रिच्युअल’ नावाचे एक पान होते, ज्याची किंमत एक काळा माना आणि ज्याचे फळ तीन काळे माना असे होते. या एका पानाने पायऱ्यांच्या बंदोबस्ताला पहिले खिंडार पाडले. पहिल्याच पाळीत तीन माना हाती येणे म्हणजे उद्याची आणि परवाची मिळकत आजच उचलणे होय. अर्थात ही उचल फुकट नसते. हातातले एक पान कायमचे जाते, आणि या खेळात पाने हेच खरे भांडवल असल्यामुळे, नुसता माना वाढवून त्याचे काहीच न करणारा मनुष्य लवकरच रिकाम्या हाताने बसतो. येथून पुढची सारी कथा या एका व्यवहाराची आहे: पाने मोडून माना उभा करायचा, माना मोडून पाने उभी करायची, आणि दोहोंपैकी एकही आटण्यापूर्वी डाव संपवायचा.

हे साधणे शक्य आहे हे मोठ्या स्पर्धेत प्रथम दिसले ते १९९७ साली पॅरिसच्या प्रो टूरमध्ये. अमेरिकेच्या माइक लाँग यांनी ‘कॅडॅव्हरस ब्लूम’ हे हातातले प्रत्येक पान मोडून दोन माना देणारे पान आणि ‘प्रॉस्पेरिटी’ हे हवी तितकी पाने उचलू देणारे पान यांची सांगड घातली, आणि साठलेला सर्व माना ‘ड्रेन लाइफ’ या एकाच मंत्रात ओतून प्रतिपक्ष्यांना निकालात काढीत स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यातल्या एका डावाची गोष्ट खेळाडू अजून सांगतात: लाँग यांना वाटेत मानासाठी आपले एकुलते एक ‘ड्रेन लाइफ’ मोडावे लागले होते, म्हणजे जिंकण्याचे साधनच हाती उरले नव्हते, तरीही त्यांचा आविर्भाव असा निश्चिंत होता, की समोरच्या मार्क जस्टिस यांनी पुढचे सारे गृहीत धरून डाव सोडून दिला. त्यानंतरच्या वर्षी, १९९८ च्या उत्तरार्धात, ‘उर्झाज सागा’ हा संच निघाला आणि त्यातील ‘टोलेरियन अ‍ॅकॅडमी’ या भूमीने तर मानाचे पाटच फोडले. फिनलंडचे टॉमी होवी यांनी त्या बळावर रोमची प्रो टूर जिंकली. पुढील काही महिन्यांना खेळाच्या इतिहासात ‘कॉम्बो विंटर’ असे नाव पडले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत डाव संपू लागले, मनाईची फर्माने एकामागून एक निघाली, आणि १९९९ च्या मार्चमध्ये तर ‘मेमरी जार’ हे नुकतेच प्रसिद्ध झालेले पान नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता तातडीने बंद करण्यात आले. राज्यकर्त्यांना धडा मिळाला असे कोणासही वाटले असते.

आणि तरीही २००३ च्या मे महिन्यात ‘स्कर्ज’ या संचात त्यांनी स्वतःच या पंथाला सनद दिली. या संचातील मोजक्या पानांवर ‘स्टॉर्म’ हा नवा गुण छापलेला होता, आणि त्याचे कलम एका वाक्याचे होते: हा मंत्र टाकला असता, या पाळीत त्यापूर्वी जितके मंत्र टाकले गेले असतील तितक्या त्याच्या प्रती निर्माण होतात. पूर्वीच्या ‘कॉम्बो’, म्हणजे अशी साखळी जुळवणाऱ्या, जोडांत वाटेवरचे मंत्र हे केवळ साधन होते. माना दिला की त्यांचे काम संपत असे. आता प्रत्येक मंत्र, मग तो कितीही क्षुद्र असो, शेवटच्या घावात स्वतःची भर घालून जाऊ लागला. ‘टेंड्रिल्स ऑफ अ‍ॅगनी’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध पान चार मानाचे. ते प्रतिपक्ष्याचे दोन आयुष्य हिरावून आपल्याला देते. एरवी कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, पण त्याच्या आधी नऊ मंत्र पडलेले असतील तर मूळ एक आणि प्रती नऊ मिळून वीस आयुष्य एका फटक्यात जाते. ‘माइंड्स डिझायर’ या दुसऱ्या पानाचा धोका तर इतका उघड होता की जुन्या पानांच्या स्पर्धाप्रकारांत ते प्रत्यक्ष खेळले जाण्यापूर्वीच एके ठिकाणी त्याला बंदी आणि एके ठिकाणी जोडास एकाच प्रतीची मर्यादा घालण्यात आली.

आता प्रत्यक्ष एक हात मांडून पाहू, कारण या विषयाचे मर्म सर्वसाधारण विधानांत सापडत नाही. स्पर्धाप्रकार ‘लेगसी’ म्हणून ओळखला जाणारा, ज्यात खेळाच्या सर्व काळांतील बहुतेक पाने चालतात. आरंभीच्या सात पानांत दोन भूमी, ‘लोटस पेटल’, ‘लायन्स आय डायमंड’, ‘डार्क रिच्युअल’, ‘कबाल रिच्युअल’ आणि ‘इन्फर्नल ट्यूटर’ आले आहेत असे समजा. पहिल्या पाळीत एक भूमी मांडली, दुसऱ्या पाळीत दुसरी. समोरचा अजून विसावर आहे. आता पेटल टाकले; त्याची किंमत शून्य, ते मोडले तर कोणत्याही रंगाचा एक माना देईल, पण तूर्त ते तसेच राहू द्यायचे. मंत्र एक. डायमंड टाकला; किंमत शून्य. मंत्र दोन. एका भूमीचा काळा माना देऊन डार्क रिच्युअल टाकले; हाती तीन माना. मंत्र तीन. त्यातले दोन देऊन कबाल रिच्युअल टाकले, त्याने तीन दिले, हाती चार. मंत्र चार. दोन देऊन इन्फर्नल ट्यूटर टाकला; हाती दोन. मंत्र पाच. हा ट्यूटर जोडातून पान शोधून आणतो, पण हवे ते कोणतेही पान आणण्याचा अधिकार त्याला तेव्हाच प्राप्त होतो, जेव्हा तो फलद्रूप होताना टाकणाऱ्याचा हात रिकामा असतो. म्हणून तो टाकलेला पण अजून फलद्रूप न झालेला असा अधांतरी असतानाच डायमंड मोडायचा: त्याचा कायदा असा की हातातली सर्व पाने टाकून द्यावी आणि एका रंगाचे तीन माना घ्यावे. हात रिकामा झाला, माना पाच झाले, आणि ट्यूटरला पूर्ण अधिकार मिळाला.

त्याच्याकडून आणायचे ‘पास्ट इन फ्लेम्स’. हे चार मानाचे तांबडे पान ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात, पडलेल्या मंत्रांना त्या पाळीपुरता पुनर्जन्म देते. मूळ किंमत पुन्हा भरली की ते तेथूनच आणखी एकदा टाकता येतात. दुसऱ्या भूमीचा एक आणि पेटल मोडून आलेला तांबडा एक असे दोन मिळवले की हाती सात माना. पास्ट इन फ्लेम्सला चार गेले, तीन उरले. मंत्र सहा. ढिगातून डार्क रिच्युअल पुन्हा टाकले. एक गेला, तीन आले, हाती पाच. मंत्र सात. कबाल रिच्युअल पुन्हा; दोन गेले, तीन आले, हाती सहा. मंत्र आठ. ट्यूटर पुन्हा, दोन गेले, हाती चार. मंत्र नऊ. हात रिकामाच आहे, तेव्हा तो आता टेंड्रिल्स आणतो. टेंड्रिल्सची किंमत चार, हाती चार. आधीचे मंत्र नऊ, म्हणून प्रती नऊ, मूळ धरून दहा घाव, प्रत्येकी दोन. समोरच्याचे आयुष्य शून्य, आणि आपल्या खात्यावर शिल्लकही शून्य. जमाखर्चाचा असा नेमका मेळ पाहिला की एखादा सिद्धान्त शेवटच्या पायरीवर अचूक सुटताना जो आनंद होतो तोच होतो.

परंतु हा हात मी निवडून मांडला आहे. यातून एकच पेटल काढून टाका आणि पुन्हा हिशेब करा. आता तांबडा माना देणारे दुसरे कोणी नाही, म्हणून डायमंडकडूनच तीन तांबडे घ्यावे लागतात. पास्ट इन फ्लेम्स पडते खरे, पण पुढे दोन्ही रिच्युअल आणि ट्यूटर यांची दुसरी फेरी करून शेवटी हाती तीनच माना राहतात, टेंड्रिल्सला एक कमी पडतो, आणि मंत्रही एकाने कमी भरतात. हा रस्ता बंद. मग त्याच ट्यूटरकडून ‘अ‍ॅड नॉझिअम’ आणता येते: डायमंडचे तीन काळे आणि उरलेल्या भूमीचा एक धरून हाती सहा माना असतात, त्याला पाच लागतात, आणि ते जोडातील वरचे पान एकेक करून उचलू देते, मात्र प्रत्येक पानाच्या किमतीइतके आयुष्य आपल्याकडून वसूल करते. पेटल आले तर शून्य, डार्क रिच्युअल आले तर एक, आणि चार-पाच मानाचे जड पान आले तर तेवढा मोठा घास. कोठे थांबायचे हे कोणी सांगत नाही. दहा पाने घेतली, आयुष्य बारावर आले, अजून डायमंड आलेला नाही, घ्यावे का अकरावे?

पहिल्या हातात खेळाडूला सर्व माहीत होते. त्याने फक्त बेरीज-वजाबाकी बरोबर केली. दुसऱ्या हातात त्याला पाळीचा आरंभ करताना शेवट माहीत नाही, आणि आरंभ केल्यावर माघार नाही, कारण हात टाकून दिलेला आहे, भूमी वापरलेली आहे, आणि डाव फसला तर पुढच्या पाळीला तो निःशस्त्र असेल. स्पर्धेतले बहुसंख्य हात या दुसऱ्या जातीचे असतात. चार प्रतींच्या एखाद्या पानापैकी किमान एक आरंभीच्या सातांत येण्याचा संभव शेकडा चाळीसच्या आसपास असतो. तेच काम करणारी आठ पाने ठेवली तर तो पासष्टपर्यंत जातो. आणि येथे एक नव्हे, तीन-चार प्रकारची पाने एकत्र यावी लागतात. म्हणून सुरुवातीच्या पाळ्या ‘ब्रेनस्टॉर्म’ आणि ‘पाँडर’ यांच्यात जातात, ज्यांच्या योगाने जोडातील वरची तीन पाने पाहता, बदलता, मागे ठेवता येतात. बाहेरून पाहणाऱ्यास या वेळी काही घडत नाही असे वाटते. पण कीर्तनात पूर्वरंग कसा लावला यावर उत्तररंगाचे भवितव्य ठरलेले असते, त्यातलाच हा प्रकार आहे. आणखी एक पाळी थांबलो तर हात भरेल, पण समोरच्यालाही एक पाळी मिळेल. आज सुरू केले तर दोन पाने कमी आहेत, पण समोरच्याच्या भूमी गुंतलेल्या आहेत. या निर्णयाला सूत्र नाही. बेरीज अपुरी असताना कामाला हात घालण्याचे धैर्य आणि ते धैर्य कोणत्या क्षणी खर्च करावे याचा विवेक, या दोन गोष्टींची या पंथाइतकी निर्दय परीक्षा मला दुसऱ्या कोणत्याही पत्त्यांच्या खेळात दिसत नाही.

एकट्याचे गणित या आक्षेपाचे उत्तरही येथेच आहे. प्रतिपक्षी काही करीत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या हातात काय असू शकते याची यादी करावी. ‘फोर्स ऑफ विल’ हे पान निळे दुसरे पान आणि एक आयुष्य मोजून, एकही माना नसताना, कोणताही मंत्र रद्द करते. ते ट्यूटरवर पडले की सारा इमला कोसळतो. गंमत अशी की तेच पान शेवटच्या टेंड्रिल्सवर टाकले तर फक्त मूळ मंत्र रद्द होतो आणि नऊ प्रती शाबूत राहतात, तेव्हा विरोध कोणत्या पायरीवर करावा हे न समजणारा मनुष्य हातातला उपाय बहुतांशी वाया घालवतो. ‘स्टायफल’ हे पान मंत्राला न अडवता प्रती निर्माण करण्याची क्रियाच थांबवते. ते स्टॉर्मबरोबर त्याच ‘स्कर्ज’ संचात छापलेले होते, आणि या दूरदृष्टीबद्दल रचनाकारांचे कौतुक केलेच पाहिजे. ‘माइंडब्रेक ट्रॅप’ हे पान तर प्रतिपक्ष्याने एका पाळीत तीन मंत्र टाकले की फुकट पडते आणि अधांतरी असलेल्या मूळ मंत्रासकट सर्व प्रतींना एकदम हद्दपार करते. ‘थालिया’ ही दोन मानाची शिपाईबाई नुसती पटावर उभी राहते, आणि सैनिकांखेरीज प्रत्येक मंत्र एका मानाने महाग होतो. डार्क रिच्युअलचा नफा निम्म्यावर येतो आणि पेटलमधून मानाचा काहीच नफा उरत नाही.

म्हणून जाणता स्टॉर्म-खेळाडू आधी ‘ड्युरेस’ किंवा ‘थॉटसीझ’ टाकून समोरच्याचा हात उघडा करतो आणि त्यातले घातक पान काढून घेतो. ‘कबाल थेरपी’ हे याच कामाचे पान मला विशेष प्रिय आहे, कारण ते टाकणाऱ्याने समोरचा हात न पाहताच एका पानाचे नाव उच्चारायचे असते. नाव बरोबर निघाले तर त्या नावाची सर्व पाने गळतात, चुकले तर हात दिसतो, पण त्यातले काही जात नाही. त्या क्षणी खेळाडूची नजर आपल्या पानांवर नसते; समोरच्याने भूमी कोणत्या क्रमाने मांडल्या, मागच्या पाळीत तो कोठे थबकला, एक निळी भूमी त्याने विनाकारण मोकळी का ठेवली, हे सारे वाचून तो नाव घेतो.

लायन्स आय डायमंडविषयी दोन शब्द अधिक लिहिले नाहीत तर लेख अपुरा राहील. १९९६ च्या ‘मिराज’ संचात ते निघाले तेव्हा हातातली सर्व पाने टाकून तीन माना देणारे हे पान निरुपयोगी म्हणून हेटाळले गेले. माना मिळाला तरी तो खर्च करण्यास हातात पान उरत नाही, मग त्याचे करायचे काय, हा प्रश्न रास्तच होता. उत्तर पुढे हळूहळू छापले गेले. २००६ साली इन्फर्नल ट्यूटर आला, ज्याला रिकामा हातच हवा होता. २०११ साली पास्ट इन फ्लेम्स आले, ज्याला टाकून दिलेली पानेच हवी होती. दोष म्हणून जे छापले गेले तेच बळ ठरले. आज हे पान त्या राखीव यादीत आहे, ज्यातील पाने पुन्हा न छापण्याचे वचन कंपनीने दिलेले आहे, आणि त्यामुळे एका प्रतीस शेकडो डॉलर मोजावे लागतात. याचा परिणाम असा की या पंथाचे सर्वांत परिपूर्ण रूप सामान्य मिळकतीच्या तरुणाला स्पर्धेत हाती धरता येत नाही. बुद्धीच्या खेळात प्रवेशाला पैशाची अट असावी हे मला मनापासून खटकते.

मोठ्या व्यासपीठावर या गुणाचा सर्वांत देखणा विजय २००६ सालचा. त्या वर्षी पॅरिसला भरलेली जागतिक स्पर्धा जपानचे माकिहितो मिहारा यांनी ‘ड्रॅगनस्टॉर्म’ जोड खेळून जिंकली. ड्रॅगनस्टॉर्म हे नऊ मानाचे पान. प्रत्येक प्रतीगणिक ते जोडातून एक ड्रॅगन थेट पटावर आणते. पहिल्या पाळीला बाजूला ठेवलेले ‘लोटस ब्लूम’ चौथ्या पाळीला उमलते आणि तो एक मंत्र मोजला जातो. त्याचे तीन माना, चार भूमींचे चार, मग ‘राइट ऑफ फ्लेम’ आणि ‘सीदिंग साँग’, की नऊची भरती पुरी होऊन एक उरतो आणि मंत्र तीन होतात. प्रती तीन, मूळ एक, चार ‘बोगार्डन हेलकाइट’ उतरतात, आणि प्रत्येक उतरताक्षणी पाच घाव करतो.

या पंथाच्या वाट्याला आलेल्या मनाई-हुकुमांची बखर लांब आहे. २०११ साली ‘मॉडर्न’ हा नवा स्पर्धाप्रकार सुरू झाला आणि फिलाडेल्फियाच्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेनंतर राइट ऑफ फ्लेम, पाँडर आणि ‘प्रीऑर्डेन’ बंद झाली; २०१३ मध्ये सीदिंग साँग गेले; २०१७ मध्ये ‘गिटॅक्सियन प्रोब’ गेले. केवळ सामान्य पानांच्या ‘पॉपर’ प्रकारात २०१३ मध्येच ‘ग्रेपशॉट’ आणि ‘एम्प्टी द वॉरन्स’ ही स्टॉर्मची दोन्ही मुख्य पाने हद्दपार झाली. यांपैकी बहुतेक निर्णय मला मान्य आहेत. तिसऱ्या पाळीच्या आत वारंवार संपणारा डाव प्रतिपक्ष्याला थालिया उभी करण्याची संधीही देत नाही, आणि मग वर ज्या संवादाचे मी वर्णन केले तो उरतच नाही. एक हुकूम मात्र निराळ्या कारणाचा होता. २०१२ साली सिअ‍ॅटलची प्रो टूर चेक प्रजासत्ताकाचे स्तानिस्लाव्ह त्सिफ्का यांनी ‘एग्ज’ नावाच्या जोडाने जिंकली. त्यावर स्टॉर्म छापलेले नव्हते, पण स्वस्त वस्तू मोडून पाने उचलायची आणि ‘सेकंड सनराइज’ने त्या साऱ्या परत आणायच्या, अशी तीच साखळी त्यात होती. एकेक पाळी इतकी लांबत असे, की पन्नास मिनिटांच्या सामन्यात आजूबाजूची सर्व मेजे रिकामी होऊन पंच आणि प्रेक्षक एकाच मेजाभोवती खोळंबलेले असत. पुढच्या वर्षी सेकंड सनराइज बंद झाले. ते जास्त बलवान होते म्हणून नव्हे, तर शेकडो लोकांचा वेळ खात होते म्हणून, आणि या पंथाचा कैवारी असूनही मी हा निर्णय न्याय्य समजतो.

वेळेचे हे भान ठेवूनच चांगले स्टॉर्म-खेळाडू सराव करतात. प्रतिस्पर्धी नसताना एकट्याने हात उचलून खेळून पाहण्याला ते ‘गोल्डफिशिंग’ म्हणतात. त्यात वेग येतो, ओळखीच्या मांडण्या नजरेत बसतात, आणि मुख्य म्हणजे दोन खाती एकाच वेळी डोक्यात ठेवण्याची सवय होते: हाती माना किती आणि कोणत्या रंगाचा, आणि मंत्र किती झाले. सामन्यात फाशांनी किंवा कागदावर ही खाती समोरच्याला दिसतील अशी मांडावी आणि प्रत्येक मंत्रासरशी आकडा मोठ्याने म्हणावा, हा शिष्टाचार मी फार मोलाचा मानतो, कारण त्यामुळे हरणाऱ्यालाही प्रत्येक पायरीची रुजुवात घेता येते आणि कोणत्या पायरीवर त्याला हस्तक्षेप करता आला असता हे त्याला कळते.

खेळाचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी, एखादा जुना गुण ‘स्टँडर्ड’ या चालू संचांच्या स्पर्धाप्रकारात पुन्हा येण्याचा संभव किती, हे सांगण्यासाठी एक ते दहा अशी श्रेणी कल्पिली. दहा म्हणजे जवळजवळ अशक्य. त्या श्रेणीला याच गुणाचे नाव पडले आहे, आणि स्टॉर्मचे स्थान अर्थातच दहाव्या पायरीवर आहे. तरीही स्टँडर्डला वळसा घालून थेट जुन्या प्रकारांत उतरणाऱ्या ‘मॉडर्न होरायझन्स’ मालिकेतून त्याला अन्नपाणी मिळत राहिले. २०२४ मधील तिसऱ्या संचाने मॉडर्नमध्ये ‘रुबी मेडॅलियन’ आणि ‘राल, मॉन्सून मेज’ ही पाने आणली. दोन्ही दोन-दोन मानाची, दोन्ही तांबडे मंत्र एका मानाने स्वस्त करणारी. त्यांपैकी एक पटावर आले की ‘पायरेटिक रिच्युअल’ एका मानात तीन देऊ लागते, म्हणजे डार्क रिच्युअलचे तांबडे भावंडच होते. शेवटचा घाव ग्रेपशॉटचा, प्रत्येक प्रतीस एक, म्हणून विसासाठी आधी एकोणीस मंत्र हवेत; ते ग्रेपशॉटही बहुधा जोडात नसते, जोडाबाहेर राखून ठेवलेल्या पंधरा पानांत ठेवून ‘विश’ या मंत्राने बोलावून घेतात. नवख्याने आरंभ येथून करावा, कारण डायमंडसारखे दुष्प्राप्य काही यात लागत नाही आणि साखळीचे मूळ व्याकरण तेच आहे. मला स्वतःला मात्र जुनी काळी-निळी तऱ्हा अधिक पसंत आहे. नव्या तऱ्हेत जोडातून वर उघडलेली पाने पुढच्या पाळीअखेरपर्यंत वापरली नाहीत तर ती गेली, त्यामुळे खेळाडूला पुढे ढकललेच जाते. ब्रेनस्टॉर्मने दोन पाने मागे ठेवून, आजचा दिवस जाऊ द्यावा की नाही याचा शांतपणे विचार करण्याची जी सवड जुन्या तऱ्हेत होती, ती यात फार थोडी आहे.